पालकाची सही आणि मुलीची संमती : १९७१ ते २०२४

१९७१ पूर्वी स्त्रीचा जीव वाचवण्याचे कारण सोडले, तर गर्भपात हा भारतीय दंड संहितेच्या कलम ३१२ नुसार गुन्हा होता. या तरतुदीचा फेरविचार करण्यासाठी १९६४ मध्ये समिती नेमली गेली. महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शहा तिचे अध्यक्ष होते. समितीच्या १९६६ च्या अहवालातून १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा आला. सज्ञान स्त्रीला त्यात स्वतःची संमती पुरेशी ठरली, पतीची सही लागत नाही. अठरा वर्षांखालील मुलीसाठी मात्र पालकाची लेखी संमती बंधनकारक झाली. तिचा सांभाळ करणारी व्यक्ती म्हणजे पालक, अशी कायद्याची व्याख्या आहे.

पुढे पालकावर जबाबदाऱ्याही आल्या. २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याने असा विवाह लावून देणाऱ्या किंवा होऊ देणाऱ्या आईवडिलांना शिक्षा ठेवली : वडिलांना दोन वर्षांपर्यंतची कैद होऊ शकते, आईला मात्र कैद होत नाही. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील पाथर्डी, शेवगाव, जामखेड या ऊसतोड मजुरांच्या तालुक्यांत ही तरतूद महत्त्वाची आहे. कारखान्यांवर स्थलांतर करताना वयात आलेल्या मुलीच्या सुरक्षिततेची काळजी हे तिथे लवकर लग्नाचे एक कारण असते. बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्याने लैंगिक अत्याचाराची खबर पोलिसांना देणे डॉक्टरांसह प्रत्येकावर बंधनकारक केले. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पवयीन पत्नीशी शरीरसंबंधही बलात्कारच ठरवला. त्यामुळे बालविवाहातील गर्भारपण थेट फौजदारी प्रकरण बनले. गुन्हा नोंदला जाईल या धास्तीने मुली दवाखाना टाळू नयेत, म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या निकालाने वाट काढली : मुलीने आणि पालकाने विनंती केल्यास डॉक्टरांनी पोलिसांना खबर देताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही.

दरम्यान २००९ मध्ये चंदीगडच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मतिमंदत्व आणि मनोरुग्णता यांत फरक केला. सौम्य मतिमंद सज्ञान स्त्रीच्या वतीने दुसऱ्याला संमती देता येत नाही, असे ठरले. २०२१ च्या दुरुस्तीने अत्याचारपीडित व अल्पवयीन मुलींसाठी गर्भपाताची मुदत चोवीस आठवड्यांपर्यंत वाढली. त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग किंवा स्त्रीच्या जिवाला तातडीचा धोका नसेल, तर न्यायालयात जावे लागते. नगर जिल्ह्यातून अशा याचिका उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे जातात.

एप्रिल २०२४ मध्ये महाराष्ट्रातील चौदा वर्षांच्या मुलीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. गर्भ सुमारे तीस आठवड्यांचा होता. २२ एप्रिलला परवानगी मिळाली. पुढे धोक्याच्या भीतीने आईवडिलांचे मन बदलले आणि २९ तारखेला आदेश मागे घेतला गेला. उपचाराचा आणि प्रसूतीचा खर्च रुग्णालयावरच टाकला गेला. मुलगी आणि पालक यांची मते जुळली नाहीत, तर मुलीचे मत महत्त्वाचे मानले पाहिजे, हे तत्त्वही या निकालाने मांडले.

बाळ जन्मल्यावर त्याला दत्तक देण्यासाठी सोपवायचे असेल, तर २०१५ चा बालन्याय कायदा लागू होतो. बाळ बालकल्याण समितीपुढे सोपवावे लागते आणि फेरविचाराला साठ दिवस मिळतात. नगरच्या स्नेहालय संस्थेचा स्नेहांकुर प्रकल्प अशा माता आणि बाळांसाठी काम करतो. १९७१ च्या कायद्यातली पालकाच्या सहीची अट अजून कायम आहे. मुलीचे मत ऐकण्याची जबाबदारी न्यायनिर्णयांनी त्या अटीला जोडली आहे.