झिरोचा बल्ब आणि खोक्यावरचे आकडे

आमच्या घरी माजघरात रात्रभर झिरोचा बल्ब जळायचा. ‘झिरोचाच तर आहे, त्याला कसली वीज लागते?’ असं आजी म्हणायची. आजही अनेक घरांत हेच ऐकू येतं. प्रत्यक्षात तार तापून उजेड देणारा हा चिमुकला बल्ब साधारण १५ वॅटचा असतो. जुन्या चकतीच्या मीटरवर इतका कमी भार नीट उमटत नसे, त्यावरून त्याला हे नाव पडलं असं सांगतात. हल्लीचं इलेक्ट्रॉनिक मीटर मात्र तो मोजतं. रोज रात्री ९ तास धरले, तर वर्षाला सुमारे ४९ युनिट होतात. त्याच जागी अर्ध्या वॅटचा एलईडी असेल, तर वर्षाची २ युनिटंही होत नाहीत.

ट्यूबलाइटचंही तसंच. नळीवर ४० वॅट लिहिलेलं असतं, पण पट्टीतला जुना वजनदार चोक वरून आणखी १० ते १५ वॅट खातो. म्हणून २० वॅटची एलईडी पट्टी लावली, की बचत वाटते त्याहून जास्त होते.

दुकानात आपण अजून ‘किती वॅटचा?’ असंच विचारतो. मोठा गैरसमज इथेच आहे. वॅट म्हणजे बल्ब घेतो ती वीज; उजेड मोजतात ल्यूमेनमध्ये. ६० वॅटचा जुना बल्ब सुमारे ७०० ल्यूमेन देतो आणि नव्वद टक्क्यांहून अधिक वीज उष्णतेत घालवतो. ९ वॅटचा चांगला एलईडी ९०० ल्यूमेनपर्यंत जातो. ‘चांगला’ हा शब्द महत्त्वाचा, कारण ९ वॅटचे सगळे एलईडी सारखे नसतात. खोक्यावरच्या ल्यूमेनला वॅटने भागा. उत्तर शंभराच्या आसपास किंवा वर आलं तर बल्ब घ्यावा, सत्तर-ऐंशीवरच थांबलं तर दुसरा बघावा. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारेही मुळात याच हिशेबावर मिळतात. नुसत्या किमतीकडे बघून बल्ब उचलणाऱ्यांनी एवढा एक भागाकार करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पिवळा उजेड म्हणजे जास्त बिल, ही समजूत जुन्या बल्बपासून चालत आली आहे. एलईडीत पिवळ्या-पांढऱ्याच्या विजेत नाव घेण्याजोगा फरक नसतो. खोक्यावर २७०० ते ३००० केल्विन असेल तर उजेड उबदार पिवळसर, ६५०० असेल तर निळसर पांढरा. झोपायच्या खोलीत पिवळसरच बरा. रात्री उशिरा निळसर प्रखर उजेडात बसलं की झोप लांबते. स्वयंपाकघराच्या ओट्यावर पांढरा सोयीचा.

‘२५,००० तास लिहिलं होतं, मग वर्षातच कसा गेला?’ ही तक्रार मात्र खरी आहे. रोज ६ तास लावला तर हा हिशेब ११ वर्षांच्या वर जातो. पण तो आकडा प्रामुख्याने उजेड देणाऱ्या चकतीचा: तिचा प्रकाश मूळच्या ७० टक्क्यांवर यायला लागणारा काळ. बल्ब बहुधा जातो तो बुडाशी बसवलेल्या ड्रायव्हरमुळे, म्हणजे घरातल्या विजेला एलईडीजोगं करणाऱ्या छोट्या सर्किटमुळे. त्यातला कपॅसिटर उष्णतेने लवकर सुकतो. एलईडी तापत नाही, हा समज इथेच महागात पडतो. बाथरूममधल्या बंद काचेच्या गोळ्यात किंवा छतातल्या कोंदट खळग्यात हवा खेळत नाही आणि ड्रायव्हर आतल्या आत भाजून निघतो. अशा जागी कमी वॅटचा बल्ब लावावा किंवा वरून उघडी शेड बसवावी. वॉरंटी दोन वर्षांची असेल तर बिल जपून ठेवावं आणि बल्ब गेला की तो बिलासकट दुकानात न्यावा.