दगडी गाभ्याचें क्ष-किरणवाचन

चिकटलेली पोथी बळानें उघडूं नये, हा नियम आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. आम्हीं तरुणपणीं पुलगांवीं तो मोडला. दोन पानांचीं अक्षरें सुरीबरोबर गेलीं, तीं परत आलीं नाहींत. भूगर्भांतून विंधून काढलेल्या दगडी गाभ्यासहि तोच नियम लागू आहे.

११ डिसेंबर १९६७ रोजीं कोयनेस मोठा भूकंप झाला. तेथील भूकंपांच्या अभ्यासासाठीं पुढें खोल विवरें घेण्यांत आलीं. रासाटी येथील विवर १५२२ मीटर खोल गेलें, ९३२.५ मीटरपर्यंत काळा पाषाण व त्याखालीं ग्रॅनाइटचा जुना पाया लागला. असा गाभा कापला कीं मूळ प्रत गेली. म्हणून आधीं क्ष-किरणांनीं आंत पाहणें शहाणपणाचें.

गाभा फिरत्या बैठकीवर उभा करून एका बाजूस क्ष-किरणनलिका व दुसऱ्या बाजूस ग्राहकपट ठेवतात. तो थोडा थोडा फिरवून छायाचित्रें घेतात आणि गणकयंत्र त्यांवरून आंतील छेद रचतें. लोहयुक्त जड खनिज उजळ दिसतें, पोकळी काळी, व पोकळींत भरलेला झिओलाइट दोहोंच्या मधला.

पहिला निर्णय विद्युद्दाबाचा. दाब कमी असल्यास खनिजांतील भेद ठळक उमटतो, परंतु जाड गाभ्यांतून किरण पार होत नाहींत. बोटाएवढ्या तुकड्यास सुमारें १०० किलोव्होल्ट पुरतात. मुठीएवढ्या गाभ्यास बरेच अधिक लागतात. प्रवाह फार वाढविल्यास किरणांचा उगमबिंदु पसरतो व कडा पुसट होतात. त्यापेक्षां वेळ वाढवावा.

दुसरा निर्णय गाळणीचा. नलिकेंतील किरण एकजात नसतात. मृदु किरण कडेसच अडतात, कठोर तेवढे पुढें जातात. त्यामुळें एकसारखा दगडहि कडेस उजळ व मध्यें काळसर भासतो. उतावळा वाचक कडेस जड खनिज साचलें असें लिहून मोकळा होईल. पण तो पाठ दगडाचा नव्हे, नकलकाराचा प्रमाद आहे. नलिकेपुढें तांब्याचा पातळ पत्रा ठेवल्यास हा दोष पुष्कळ कमी होतो.

तिसरा निर्णय सूक्ष्मतेचा. पटाच्या रुंदींत २००० बिंदु असून त्यांत ५० मिलिमीटरचा गाभा मावविला, तर एक बिंदु मिलिमीटरचा चाळिसावा भाग दाखवितो. त्याहून बारीक भेग चित्रांत दिसली नाहीं, म्हणून ती दगडांतहि नाहीं, असें म्हणतां येत नाहीं. फिरविण्याचे टप्पेहि अशा वेळीं दोन-तीन हजार असावेत. कमी घेतल्यास खोट्या रेघा उमटतात.

ही विद्या आपल्या क्षेत्रास परकी नाहीं. मृत समुद्राकांठच्या एन-गेदी येथील कोळसा झालेली चर्मगुंडाळी न उलगडतां याच रीतीनें वाचली गेली. तो वृत्तांत २०१६ सालीं प्रसिद्ध झाला.

पाठ देतांना प्रत कोणती, पान कोणतें, हें आधीं लिहावें, असें आम्ही विद्यार्थ्यांस सांगत आलों. गाभ्याच्या चित्राखालींहि दाब, प्रवाह, गाळणी, वेळ, टप्पे व बिंदूचें माप लिहिलेलें असावें. तें नसल्यास चित्र कितीहि सुंदर असो, त्याचें प्रामाण्य अनामिक नकलेइतकेंच.