२२१० की ४२१०?

केंद्राच्या अर्थसंकल्पात प्रत्येक रक्कम चार अंकी मुख्य लेखाशीर्षाखाली नोंदवली जाते. २२१० म्हणजे वैद्यकीय सेवा व सार्वजनिक आरोग्यावरचा महसुली खर्च : पगार, औषधे वगैरे. आरोग्य खात्याने रुग्णालयाची इमारत बांधली, की पहिला अंक बदलून ४२१० होतो, म्हणजे भांडवली खर्च. कर्ज दिले तर ६२१०, रक्कम जमा झाली तर ०२१०. राज्यांनाही हीच पद्धत लागू असल्याने महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पातही हेच अंक दिसतात.

खरी मेख अनुदानात आहे. केंद्राने इमारतीसाठी राज्याला अनुदान दिले, तर मालमत्ता केंद्राची होत नाही. म्हणून तो खर्च महसुली धरतात. अशी अनुदाने वगळून 'प्रभावी महसुली तूट' वेगळी दाखवली जाते, आणि ते योग्यच आहे.

शिवाय आकडे तीन प्रकारचे असतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये २०२५-२६ चा अंदाज, २०२४-२५ चा सुधारित अंदाज आणि २०२३-२४ चा प्रत्यक्ष खर्च शेजारीशेजारी छापले गेले. बातम्यांचे मथळे बहुधा अंदाजांवरच बेतलेले असतात. तरतूद वाढल्याचे वाचलेत, तर प्रत्यक्ष खर्चाचा रकाना जरूर पाहा.