शेपटी एसच्या आधी की नंतर?



इंग्रजीत आपल्यासारखे चा, ची, चे नाहीत. आपण "राजूची वही" म्हणतो, तिथे इंग्रजीवाले राजूच्या नावाला एस हे अक्षर जोडतात आणि त्या एसच्या आधी, वरच्या बाजूला, स्वल्पविरामासारखी छोटी शेपटी काढतात. तिचे खरे नाव अपॉस्ट्रॉफी. ते नाव म्हणता म्हणता तोंडाला फेस येतो, म्हणून आमच्या वर्गात सगळे तिला शेपटीच म्हणतात. मीही या लेखात तेच नाव वापरते.

खरा घोळ सुरू होतो तो एकाहून जास्त माणसे आली की. कारण अनेकवचन करायलाही इंग्रजीत बहुधा एसच लागतो. टीचर म्हणजे एक शिक्षक, टीचर्स म्हणजे पुष्कळ शिक्षक. आता "शिक्षकांची खोली" लिहायची कशी? एस तर आधीच येऊन बसला आहे! त्यावर त्यांची युक्ती अशी की, दुसरा एस लावायचाच नाही, नुसती शेपटी काढायची, आणि ती एसच्या नंतर. टीचर'स रूम म्हणजे एका शिक्षकाची खोली. टीचर्स' रूम म्हणजे सगळ्या शिक्षकांची खोली. शेपटी आधी असेल तर मालक एक, नंतर असेल तर मालक अनेक.

गंमत म्हणजे कानाला यातले काही कळत नाही. टीचर्स, टीचर'स, टीचर्स' हे तिन्ही मोठ्याने म्हणून पाहा. आवाज एकच येतो. कागदावर पाहिले तरच कळते की खोली कुणाची.

तुम्ही म्हणाल, मराठीत असली कटकट नाही. आहे बरे का! आपल्याकडे हेच काम डोक्यावरचा अनुस्वार करतो. "मुलीची शाळा" म्हणजे एका मुलीची, "मुलींची शाळा" म्हणजे सगळ्या मुलींची. "भावाचे शेत" आणि "भावांचे शेत" यांत एका टिंबाचा फरक, पण त्या टिंबावरून घरोघरी किती भांडणे होतील ते मोठ्या माणसांनाच विचारा. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले, तेव्हा उच्चारात न येणारे पुष्कळ अनुस्वार काढून टाकले. जुन्या पुस्तकांत ते अजून दिसतात. पण अनेकवचनाचा हा अनुस्वार मात्र ठेवला. तो ठेवलाच पाहिजे होता, कारण तो ऐकू येतो आणि त्याने अर्थ बदलतो. या बाबतीत मला आपली मराठी जास्त आवडते. जे लिहायचे ते कानालाही कळते.

आता इंग्रजीतली एक अडचण. काही शब्दांचे अनेकवचन एस लावून होतच नाही. चाइल्डचे होते चिल्ड्रन, वुमनचे होते विमेन, मॅनचे होते मेन. हे शब्द आधीच अनेक आहेत. मग त्यांना एकट्या माणसासारखेच वागवायचे, म्हणजे आधी शेपटी आणि मग एस. म्हणून बालदिन हा चिल्ड्रन'स डे आणि महिला दिन हा विमेन'स डे. इथे शेपटी एसच्या आधी आहे म्हणून मालक एक, असे समजायचे नाही. शेपटी काढून शब्दाकडे पाहायचे. उरलेला शब्द एकाचा की अनेकांचा, ते लगेच कळते. ही खूण आम्हाला बाईंनी सांगितली आणि ती कधी चुकत नाही.

एवढ्याशा शेपटीने काय बिघडते, असे कुणाला वाटेल. माझ्या आईच्या बचत गटात अकरा जणी आहेत. त्या मसाला कुटून विकतात. गटाच्या नावात "भगिनी" शब्द आहे. तालुक्याच्या प्रदर्शनासाठी पिशव्यांवर नाव इंग्रजीतही छापायचे ठरले. छापणाऱ्या काकांनी कच्चा नमुना पाठवला, त्यावर होते सिस्टर'स मसाला. आई म्हणाली, "याचा अर्थ काय गं?" मी सांगितले, "एका बहिणीचा मसाला." आई गप्पच झाली. शेजारच्या काकी मात्र उसळल्या. म्हणाल्या, "कर्ज अकरा जणींच्या नावावर आणि मसाला एकीचा? हे कसलं?" त्यांचे खरेच होते. हप्ता थकला तर बँक काही एकीलाच विचारत नाही. शिवाय गावात आधीच लोक "अध्यक्षबाईंचा मसाला" म्हणतात, ते बाकीच्या दहा जणींना टोचते. अध्यक्षबाईंनाही ते आवडत नाही. काका म्हणाले, "शेपटीनं काय होतंय, मसाला तोच की!" पण त्यांनी शेपटी सरकवून दिली. आता पिशव्यांवर सिस्टर्स' मसाला आहे. ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांनाही काकी ती शेपटी बोट ठेवून दाखवतात.

सणावारांच्या नावांतही शेपटी कुठे बसवायची यावर लोकांनी पुष्कळ विचार केलेला आहे. शिक्षक दिन घ्या. डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन १९६२ साली राष्ट्रपती झाले, तेव्हापासून त्यांच्या जन्मदिवशी, ५ सप्टेंबरला, आपण तो साजरा करतो. वाढदिवस एका शिक्षकाचा, पण दिवस साऱ्या शिक्षकांचा, म्हणून टीचर्स' डे. शेपटी शेवटी.

अमेरिकेतल्या मातृदिनाचे बरोबर उलटे आहे. तो ॲना जार्व्हिस नावाच्या बाईंनी सुरू केला. आपल्या आईच्या आठवणीसाठी त्यांनी १९०८ साली ग्राफ्टन या गावी पहिली प्रार्थनासभा घडवून आणली. १९१४ साली तिथले राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी मे महिन्यातला दुसरा रविवार मातृदिन म्हणून जाहीर केला. जार्व्हिसबाईंचा आग्रह होता की मदर'स डे असेच लिहायचे, शेपटी एसच्या आधी. जगातल्या साऱ्या आयांचा दिवस असा त्याचा अर्थ त्यांना नको होता. प्रत्येकाने आपापल्या एका आईची आठवण काढावी, असे त्यांचे म्हणणे. आपल्याला पटो न पटो, पण बाईंनी नेमके ठरवले होते एवढे खरे.

त्याच देशात ११ नोव्हेंबरला माजी सैनिकांचा दिवस असतो, व्हेटरन्स डे. त्याला शेपटीच नाही, आधीही नाही आणि नंतरही नाही. तिथले सरकार सांगते की हा दिवस सैनिकांच्या मालकीचा नाही, तो त्यांचा मान करण्याचा दिवस आहे.

गावांच्या आणि दुकानांच्या नावांत तर कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या एका मार्गावर अर्ल'स कोर्ट आणि बॅरन्स कोर्ट ही स्टेशने लागोपाठ येतात. पहिल्याला शेपटी आहे, दुसऱ्याला नाही. वॉटरस्टोन'स नावाच्या तिथल्या मोठ्या पुस्तक दुकानाने २०१२ साली शेपटी काढूनच टाकली. त्यावर इंग्लंडात पुष्कळ लोक चिडले होते. तेव्हा आपल्यालाच हे अवघड जाते असे समजून कुणी रडत बसू नये.

आता एक सापळा, जो फक्त आपल्यासारख्या मराठी मुलांसाठी आहे. आपण मोठ्या माणसांना मान देतो, तेव्हा माणूस एक असला तरी अनुस्वार देतो. "मुख्याध्यापकांची खुर्ची", "आजोबांची काठी". हा मानाचा अनुस्वार आहे, मोजणीचा नाही. हा अनुस्वार पाहून कुणी इंग्रजीत शेपटी एसच्या नंतर काढली, तर ग्रँडफादर्स' स्टिक होईल आणि दोन-चार आजोबा मिळून एकच काठी धरून चालले आहेत असे चित्र दिसेल! इंग्रजीत मान शेपटीने देता येत नाही. मुख्याध्यापक एक आहेत, तर हेडमास्टर'स चेअर. (आजीला मात्र आपण अगं-तुगं करतो, म्हणून "आजीची काठी" लिहिताना हा प्रश्न येत नाही.) मोठ्यांबद्दल लिहिताना आधी मनात माणसे मोजावीत, मग शेपटी काढावी.

सर्वनामांचे सोपे आहे. अवर्स म्हणजे आमचे, योर्स म्हणजे तुमचे, देअर्स म्हणजे त्यांचे. यांत एस आहे पण शेपटी कधीच नाही. "आमच्यापैकी एकीची मैत्रीण" असे लांबलचक न म्हणता "आमची एक मैत्रीण" म्हणायचे असेल तर इंग्रजीत अ फ्रेंड ऑफ अवर्स म्हणतात. अ फ्रेंड ऑफ अस असे म्हणत नाहीत.

या अवरमध्ये मात्र इंग्रजी गरीब पडते. आपल्याकडे "आमची" आणि "आपली" असे दोन शब्द आहेत. ऐकणाऱ्याला बाहेर ठेवायचे असेल तर "आमची", त्याला आत घ्यायचे असेल तर "आपली". पाहुण्यांना आपण सांगतो, "ही आमची शाळा." पण मैत्रिणीला म्हणतो, "आपली शाळा आज लवकर सुटणार." इंग्रजीत दोन्हीकडे अवर स्कूल. गावातले पुष्कळ पालक याच शाळेत, याच खोल्यांत शिकलेले आहेत. त्यांना शाळा दाखवताना मी तरी "आपली शाळा" असेच म्हणणार आहे.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी