शब्दांत मोकळी जागा नसेल, तर डोळे वाचतात कसे?

आधी ही ओळ वाचा: तीनदीपाशीबसली.

'तीन' वाचून अडखळलात ना? ओळ आहे 'ती नदीपाशी बसली'. मोकळी जागा गेली, की नजरेची अशी फसगत होते.

वाचताना आपली नजर सरळ सरकत नाही, उड्या मारते. दोन उड्यांमधला थांबा साधारण पाव सेकंदाचा. इंग्रजी वाचताना पुढची मोकळी जागा डोळ्यांच्या कडेला आधीच दिसते आणि उडी कुठे टाकायची ते कळतं.

चिनी लिपीत मात्र शब्दांमध्ये जागाच नसते. तिथे वाचणाऱ्याला एका थांब्यात डावीकडचं एक आणि उजवीकडची साधारण तीन अक्षरं उपयोगी पडतात. पुढची अक्षरं ओळखीची असतील तर उडी लांब, अवघड असतील तर आखूड. म्हणजे तिथे नजरेला वाट दाखवते ती शब्दांची ओळख. म्हणूनच चिनी मजकुरात शब्दांमध्ये मुद्दाम जागा सोडली, तरी सरावलेल्या वाचकांचा वेग फारसा बदलत नाही.

आपल्याकडेही अशी लिपी होती: मोडी. आधी आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली शब्द न तोडता लिहीत जायचं. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही नाही. झाशी जिल्ह्यातलं गुरसराय एकेकाळी मराठी घराण्याची जहागीर होती. त्याच बुंदेलखंडात पेशव्यांचा कारभार पाहणारे गोविंदपंत बुंदेले पानिपतच्या आधी, 1760 मध्ये मारले गेले. त्या काळचा असा सारा पत्रव्यवहार मोडीतच चाले आणि कारकून तो भराभर वाचत.

आज मोडीची अक्षरं शिकूनही अनेकांना जुनं पत्र वाचता येत नाही. कारण डोळ्यांना अक्षरं कळतात, शब्द ओळखीचे नसतात. म्हणून मुळाक्षरांसोबत 'राजश्री', 'साष्टांग नमस्कार', 'विज्ञापना', 'लोभ असावा' असे पत्रांत पुन्हा पुन्हा येणारे शब्द आधी ओळखायला शिका. ते पटकन दिसू लागले, की उरलेली ओळ आपोआप सुटी होऊ लागते.

तुमच्या घरच्या जुन्या पेटीत असे कागद असतील, तर 'कुणालाच वाचता येत नाहीत' म्हणून रद्दीत घालू नका. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांनी असेच कागद जपले आहेत. आपल्या पणजोबांच्या डोळ्यांना जे जमत होतं, ते सरावाने आपल्याही डोळ्यांना जमेल.