दोन इंदिरा

शाळेत भारताचा नकाशा भरताना मला आतल्या गावांपेक्षा कडेचीच ओढ असायची. ती पुढेही सुटली नाही. अरुणाचलातलं किबिथू आणि कच्छमधलं गुहार मोती, या पूर्व-पश्चिमेच्या टोकांवर मिळेल ते वाचलं. कच्छच्या सीमेवरचा सर क्रीकचा वाद चाळला, पण खाडीची मध्यरेषा की काठ, या कज्ज्यात मन रमलं नाही. ते अडकलं उत्तर-दक्षिणेत, कारण दोन्ही टोकांना नाव एकच आहे: इंदिरा.

पाठ्यपुस्तकातला उत्तर टोकाचा ३७°६′ हा आकडा पाकव्याप्त भाग धरून आहे. प्रत्यक्ष ताब्यातल्या भूमीचं उत्तर टोक म्हणजे सियाचीनच्या माथ्यावरची इंदिरा कोल ही खिंड, सुमारे ३५°४०′ वर. हे नाव इंदिरा गांधींचंच, असं मी कित्येक वर्षं धरून चाललो होतो. एप्रिल १९८४ मध्ये त्यांच्याच सरकारच्या काळात सियाचीनवर ताबा मिळवणारं ऑपरेशन मेघदूत झालं, त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं.

ती आली फॅनी बुलॉक वर्कमन या अमेरिकन गिर्यारोहक बाईमुळे. खिंडीला हे नाव तिने दिलं १९१२ साली. इंदिरा गांधींचा जन्म १९१७ चा. फॅनीच्या मनात होती ती लक्ष्मी. अमरकोशात लक्ष्मीच्या नावांत ‘इंदिरा’ आहेच आणि आपल्याकडच्या घरांतही ते रुळलेलं होतं. कवयित्री इंदिरा संत जन्मल्या १९१४ साली. मग खिंडीच्या नावाशी आलो की मला पंतप्रधानच का आठवाव्यात?

फॅनी तेव्हा त्रेपन्न वर्षांची होती. नवरा विल्यम बरोबर होता, पण मोहिमेची प्रमुख ती. सुमारे ७६ किलोमीटर लांबीची ही हिमनदी मापायला ग्रँट पीटरकिन हे सर्वेक्षक होते आणि त्यांच्याबरोबर भारतीय सर्वेक्षण खात्याचे सरजन सिंग. नाव फॅनीने ठेवलं, पण खिंडीला नकाशात जागा मिळाली ती या दोघांच्या मापांमुळे, हे विसरायला मी तयार नाही. सेझारे शेनोझ हा इटालियन हमाल हिमभेगेत पडून मेला. मोहीम थांबली नाही. तिथल्याच बर्फावर फॅनीने बायकांच्या मताधिकाराची मागणी करणारं वर्तमानपत्र हातात उघडं धरून फोटो काढून घेतला. तो फोटो मी पुनःपुन्हा पाहतो. लांब झग्यात, बर्फात पाय रोवून उभी असलेली ही बाई हमालांविषयी लिहू लागली की मात्र इतक्या तुच्छतेने लिहिते की पुस्तक मिटावंसं वाटतं.

मोजमापाचं तिचं वेड भांडकुदळ होतं. १९०६ मध्ये पिनॅकल पीक चढून तिने स्त्रियांमधला उंचीचा विक्रम केला. १९०८ मध्ये गिर्यारोहक ॲनी पेक पेरूतलं वास्कारान चढली आणि ते २४,००० फूट असू शकेल म्हणाली. फॅनीने पदरचे सुमारे तेरा हजार डॉलर खर्चून फ्रेंच अभियंते पेरूला धाडले आणि त्या डोंगराची मोजणी करवली. भरलं २१,८१२ फूट. विक्रम फॅनीकडेच राहिला. यात ईर्षा होती, पण अंदाज आणि माप यांतला फरक तिने पैसे मोजून जगापुढे मांडला, याचं मला मोल वाटतं.

तिची खिंड पाणलोटाच्या रेषेवर आहे. अलीकडचं बर्फ वितळून नुब्रा, श्योक, सिंधू असं करत अरबी समुद्राला मिळतं. पलीकडे शक्सगाम खोरं, पाकिस्तानने १९६३ मध्ये चीनला देऊन टाकलेलं. तिथलं पाणी तारीमच्या खोऱ्यात उतरतं आणि वाळवंटात संपतं, समुद्र त्याला दिसत नाही.

दक्षिणेची इंदिरा मात्र खरोखर पंतप्रधानांची. ग्रेट निकोबारच्या या टोकाला पूर्वी पिग्मॅलियन पॉइंट म्हणत. १९८४ च्या फेब्रुवारीत इंदिरा गांधी तिथे गेल्या, आणि त्यांच्या मृत्यूनंतर टोकाला त्यांचं नाव मिळालं. बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर १९६९ पासून माजी सैनिकांची कुटुंबं वसवली होती, त्यांत महाराष्ट्रातलीही होती. टोकावरचं दीपगृह १९७२ मध्ये सुरू झालं.

२६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात ही जमीन सव्वाचार मीटर खचली आणि मागोमाग लाट आली. दीपगृहावरची माणसं गेली, जवळच्या गॅलेथिया उपसागरात कासवांचा अभ्यास करणारे संशोधक गेले. पाठ्यपुस्तकात दक्षिण टोकाचा ६°४५′ हा आकडा तसाच आहे. जुन्या फोटोत दीपगृहाच्या पायथ्याशी झाडी दिसते. नंतरच्या फोटोत तोच मनोरा पाण्यात उभा आहे आणि किनारा त्याच्या मागे सरकला आहे.