अधिकाराची वाटणी

सारा भार एकट्याने वाहणे म्हणजे नेतृत्व, असे आपण समजतो. बायबलातील निर्गम ग्रंथाचा अठरावा अध्याय निराळे सांगतो. मोशे सकाळपासून सायंकाळपर्यंत लोकांचे तंटे सोडवीत बसे. सासरा इथ्रो याच्या सल्ल्यावरून त्याने हजार, शंभर, पन्नास व दहा माणसांवर प्रमुख नेमले; अवघड तंटे तेवढे स्वतःकडे ठेवले. प्रमुख मात्र कर्तबगार, देवभीरू, सत्यनिष्ठ आणि लाचेचा तिटकारा असणारे हवेत, ही अट होती.

अधिकार सोपविण्याची रीत पुढे ख्रिस्ती धर्मसंस्थेतही रुजली. सहाव्या शतकात कॉस्मस या प्रवाशाने ‘कल्याना’ येथे इराणातून नेमलेला बिशप असल्याचे नोंदविले. पुष्कळ अभ्यासक ते आपले कल्याणच मानतात.

आज ठाणे-डोंबिवलीत प्रभागाचा नगरसेवक निवडतानाही आपण इथ्रोची अट विसरू नये. अधिकार वाटल्याने घटत नाही; अपात्राच्या हाती गेला की नासतो.